हाय व्हॅक्यूमचा गेट व्हॉल्व डिझाइन करताय? आधी प्लेटीवरचा जोर काढा

पाण्याच्या लाइनीवरचा गेट व्हॉल्व डोळ्यासमोर ठेवून व्हॅक्यूमचा काढायला बसलात तर पहिलंच ड्रॉइंग फुकट जातं. तिथे पाचर घासत घासत सीटवर बसते आणि चालून जातं, इथे घासलं की कण पडणार, ते ओ-रिंगखाली (सील करणारी रबराची रिंग) जाणार आणि लीक चालू. म्हणून इथे हालचाली दोन, आधी प्लेट कशालाही न शिवता सरकून तोंडासमोर येते आणि मग शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सरळ सीटकडे जाऊन दाबते. या दोन हालचाली एकमेकीत मिसळू दिल्या नाहीत की अर्धं काम झालं.

साइझचं बघू. मॉलेक्युलर फ्लोमध्ये (हवा इतकी विरळ की रेणू एकमेकांऐवजी भिंतींवरच आपटतात) नॉर्मल तापमानाला हवेसाठी पातळ भोकाचा कंडक्टन्स, म्हणजे त्यातून किती हवा जाऊ शकते ते, दर चौरस सेंटिमीटरला साधारण ११.६ लिटर पर सेकंद. १०० मिमी बोअरला (आरपार भोकाला) क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेमी, म्हणजे ९१० च्या आसपास, पण हे जाडी शून्य धरून. बॉडी ६५ मिमी जाड झाली तर तोच आकडा ५५० वर येतो. मागे ५०० लिटर पर सेकंदचा टर्बो पंप असेल तर सरळ सिरीजच्या गणिताने चेंबरला निम्माच स्पीड मिळतो (तोंडाचा अडथळा या गणितात दोनदा मोजला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं वाईट नसतं, पण घाबरलेलं बरं). तात्पर्य काय तर बॉडी जमेल तेवढी पातळ ठेवायची, आणि प्लेट उघडल्यावर बोअरमध्ये एक मिलिमीटरही डोकावता कामा नये.

आता जोर. बहुतेक जण इथे बोअरचा व्यास घेतात आणि तिथेच फसतात, हवा दाबते ती ओ-रिंगच्या रेषेपर्यंत. १०० बोअरला ओ-रिंगचा सरासरी व्यास ११५ आला तर क्षेत्रफळ १०४ चौ. सेमी, म्हणजे एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम असताना प्लेटीवर १०७ किलो. बोअर धरून काढलं असतं तर ८१ आले असते. यात ओ-रिंग दाबायचा जोर वेगळा. त्याचे कॅटलॉगमधले आकडे फार सैल असतात, त्यापेक्षा त्याच कॉर्डचा १०० मिमी तुकडा त्याच मापाच्या खाचेत ठेवून कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या यूटीएमवर (जोर मोजत दाबणारं मशीन) दाबा, गोव्यात फर्मागुडीला असा वा वेर्ण्याला, कोणीतरी ओळखीचा निघतोच. १५ ते २० टक्के दबल्यावर किती किलो लागले ते बघायचं आणि ओ-रिंगच्या परिघात असे १०० मिमीचे जितके तुकडे बसतात तितक्याने गुणायचं.

सीट कुठल्या बाजूला यावर शॉपमध्ये वाद होतात. माझं मत, सीट चेंबरकडे. व्हॉल्व बंद असताना बॉनेट (उघडल्यावर प्लेट जिथे जाऊन बसते तो कप्पा), मेकॅनिझम, बेलो (शाफ्टभोवतीची घड्यांची धातूची नळी, जी हवा आत येऊ देत नाही) हे सगळं पंपाच्या बाजूला व्हॅक्यूममध्ये राहतं आणि चेंबर उघडला तरी आतल्या त्या एवढ्या पृष्ठभागाला दमट हवा लागत नाही. जुलैमध्ये गोव्यातली हवा म्हणजे अर्धं पाणीच, ते स्टीलला चिकटलं की पंप तासन्‌तास तेच ओढत बसतो. तोटा एकच, चेंबरमध्ये हवा आली की ती प्लेटीला सीटवरून ढकलते, मग १०७ किलो अधिक ओ-रिंगचा जोर हे सगळं मेकॅनिझमने धरायचं. सीट पंपाकडे घेतली तर हवाच दाबून देते, मेकॅनिझम स्वस्तात होतं, पण दर वेळी बॉनेट ओलं. तुम्हीच ठरवा पात्रांव.

मेकॅनिझमसाठी मला दोन प्लेटींचा आणि बॉलांचा प्रकार सगळ्यात आवडतो. सीलवाली प्लेट आणि मागची प्लेट, मधे बॉल, बॉल शंकूच्या आकाराच्या खळग्यांत बसलेले. सीलवाली प्लेट टोकाच्या स्टॉपला टेकून थांबते, मागची अजून थोडी पुढे जाते, बॉल खळग्यातून वर चढतात आणि दोन्ही प्लेटींना फाकवतात, एक सीटवर दाबली जाते, दुसरी समोरच्या भिंतीवर. सगळा जोर बॉडीत जिरतो, शाफ्टवर वाकवणारं काही येत नाही. परत येताना पट्टीच्या स्प्रिंगा प्लेटी जवळ ओढतात.

बॉल मात्र साधे स्टेनलेसचे नकोत, स्टेनलेसवर स्टेनलेस व्हॅक्यूममध्ये घासलं की ऑक्साइडचा थर परत तयार होत नाही आणि ते एकमेकांना चावतात. सिलिकॉन नायट्राइडचे घ्या. ग्रीस लावायचंच तर पीएफपीई (व्हॅक्यूममध्ये न उडणारं फ्लोरिनवालं ग्रीस), तेही बोटाला जाणवणार नाही इतकं. मोली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) कोटिंग व्हॅक्यूममध्ये मस्त चालतं पण दमट हवेत लवकर जातं, तेव्हा टेबलावर उघडा ठेवून पन्नासदा खाली-वर करून पाहुण्यांना दाखवू नका. पितळ आत नकोच, बेक केलं (चिकटलेलं पाणी घालवायला व्हॉल्व तापवला) की झिंक उडतं.

बेलो हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक भाग. स्ट्रोक बोअरपेक्षा जास्तच लागतो, १०० ला १२० धरा, एवढ्यासाठी कडा वेल्ड केलेलाच बेलो लागेल. इफेक्टिव्ह व्यास ३० मिमी असेल तर हवा शाफ्टला कायम सात किलोने आत ढकलत असते, व्हॉल्व चालवणारा एअर सिलिंडर निवडताना उघडायच्या बाजूला हे मिळवा. बेलोचं एएम ३५० स्टेनलेस ताकदीला छान पण क्लोराइडला अगदी हळवं, आणि आपल्याकडे समुद्राची हवा, घामाचे हात, नळाचं पाणी, सगळ्यात क्लोराइड. हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, धुवायचं ते डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने, आणि पिशवीत सिलिका जेल घालून सील करायचं.

व्हर्चुअल लीकचं (बाहेरून नाही, तर आतच अडकलेली हवा हळूहळू सुटते ते) थोडक्यात: आरपार नसलेल्या प्रत्येक टॅप होलात मधे भोक पाडलेला स्क्रू, वेल्ड नेहमी व्हॅक्यूमच्या बाजूने सलग आणि बाहेरून फक्त टाके. दोन्हीकडून सलग केलं तर मधली हवा महिनोन्‌महिने गळत राहते आणि बाहेरून हीलियम मारून केलेल्या लीक टेस्टला ती सापडतही नाही.

ओ-रिंग व्हायटॉन रबराची, ७५ शोअर कडकपणाची चालेल, खाच डव्हटेलच (तोंडाला अरुंद, तळाला रुंद). चवथीला प्लांट आठवडाभर बंद असतो, तेवढे दिवस दाबलेलं रबर सीटला चिकटतं आणि पहिल्यांदा उघडताना साधी खाच असली तर रिंग बाहेरच येते. बजेट असेल तर प्लेटीवरच व्हल्कनाइज केलेलं (रबर तापवून धातूला कायमचं चिकटवलेलं) सील घ्या. अ‍ॅसिटोनने व्हायटॉन पुसायचं नाही, फुगतं, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरा. सीटचं फिनिश ०.८ मायक्रॉनच्या आत आणि टूलच्या रेषा गोलच, एक आडवा ओरखडा पुरेसा असतो.

पाऊस लागला की वीज ट्रिप होणार हे धरूनच कंट्रोल ठरवा. वीज गेली की व्हॉल्व बंद व्हायलाच हवा आणि एअर गेली तरी बंदच राहायला हवा. उघडण्याआधी दोन्ही बाजूंचा प्रेशर फरक ३० मिलीबारच्या आत असल्याशिवाय सिलिंडरची हवा सोडणाऱ्या सोलेनॉइडला करंट जाता कामा नये. टर्बोसाठी तर चेंबर ०.१ मिलीबारच्या खाली आल्यावरच.

टेस्ट करताना आधी बॉडी, मग सीट, दोन्ही दिशांनी. १० चा उणे ९ वा घात मिलीबार लिटर पर सेकंद मिळाला की पास. हीलियम मारल्यावर लीक डिटेक्टरचा काटा लगेच हलला तर लीक, काही मिनिटांनी हळूहळू चढायला लागला तर ते व्हायटॉनमधून झिरपणारं हीलियम, त्यामागे लागून व्हॉल्व खोलू नका. पाचशे-हजार सायकल करून परत टेस्ट करा आणि बॉनेट उघडून पांढऱ्या कापडाने तळ पुसा. कापडावर काळं आलं तर बॉल किंवा स्प्रिंग कुठेतरी घासतेय, नुसती ओ-रिंग बदलून ते थांबणार नाही.