बेळगावात नव्यानं आलात? सीईटीच्या फॉर्मआधी मुलाची वर्षं मोजा

इस्लामपूर सोडून मी बेळगावला आलो २०११ साली, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरी लागली म्हणून. तेव्हा आमची थोरली आठवीत होती. अजूनही दरवर्षी सांगली-कोल्हापूरकडची दोन-चार घरं आमच्या भागात राहायला येतात. घरात मोठं मूल असलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सीईटीचे फॉर्म कधी सुटतात?" अलीकडे ते साधारण जानेवारीत सुटतात आणि परीक्षा एप्रिलमध्ये होते. पण त्याच्या कितीतरी आधी वेगळाच हिशेब करावा लागतो: मुलाची कर्नाटकात शाळेची किती वर्षं झाली?

इथली सीईटी, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला लागणारी प्रवेश परीक्षा, केईए घेते, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण. फॉर्ममध्ये पात्रतेचा क्लॉज निवडायचा असतो आणि सरकारी कोट्यातली सीट मिळणार की नाही हे त्यावर ठरतं. 'ए' क्लॉजला पहिली ते बारावीत मिळून किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात आणि दहावी किंवा बारावी इथूनच पास झालेली लागते. बोटं मोजून बघा. मूल सहावीत इथं आलं असेल तर बारावीपर्यंत बरोबर सात वर्षं भरतात. सातवीत आलं तर सहाच. आमची आठवीत आली, म्हणजे पाच. इथं घर घेतलं, रेशनकार्ड झालं, आधारवर पत्ता बदलला, तरी शाळेची वर्षं त्यानं वाढत नाहीत.

आम्हाला वाट मिळाली ती 'बी' क्लॉजमधून. मुलानं अकरावी-बारावी, इथल्या भाषेत पीयूसी, कर्नाटकात केलेली असावी आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकजण किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेला असावा. माझ्या बायकोचं माहेर खानापूर तालुक्यातलं, पहिली ते सातवी गावच्या मराठी शाळेत. आम्ही दोघं त्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण तिचं नाव, वडिलांचं नाव, शाळेत घातल्याची तारीख निळ्या शाईत स्वच्छ होती. रजिस्टरात माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, म्हणून लग्नाचा नोंदणी दाखला सोबत जोडला. शाळेच्या दाखल्यावर खानापूरच्या बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसातून सही आणली. या सगळ्यात तीन आठवडे गेले. महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी घरांत आईचं माहेर बेळगाव, खानापूर, निपाणी नाहीतर चिकोडीकडचं असतं आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. आधी आईची शाळा विचारा.

एक चूक मी वारंवार बघतो. मूल गडहिंग्लज किंवा जतमधून शिकून आलेलं दिसलं की फॉर्म भरून देणारे सीमेपलीकडच्या कन्नडिगांचा क्लॉज टाकून मोकळे होतात. गडहिंग्लज, जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर हे तालुके त्यात आहेत हे खरं, पण तो क्लॉज मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव असणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांना कन्नडची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. मराठी घरातल्या मुलासाठी तो टाकू नका. पुढं कागद तपासताना सगळं अडतं.

जातीच्या दाखल्याचंही आधी बघा. मराठा समाज इथं मागासवर्गांच्या ३बी प्रवर्गात येतो, पण महाराष्ट्रातला दाखला इथल्या फॉर्मला चालत नाही. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या स्थानिक महसूल ऑफिसातून निघालेला, आरडी नंबर (दाखल्यावर छापलेला त्याचा क्रमांक) असलेला दाखला लागतो. तुमच्या घराला तो मिळू शकतो का, हे तिथं जाऊन दिवाळीआधीच विचारा. खिडकीवर 'आदाय' हा कन्नड शब्द ऐकलात तर ते उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल बोलतायत, हे लक्षात ठेवा.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. आम्ही एका दुकानात फॉर्म भरला तेव्हा तिथल्या पोरानं स्वतःचा नंबर टाकला. पुढं प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागलं, आणि ऑप्शन एंट्रीच्या, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या, दिवसांत तो गावाला गेला. पोरीचं त्या रात्रीचं तोंड मला अजून आठवतं.

मेडिकलला नीट वेगळी द्यावी लागते, पण इथल्या सीटसाठी केईएकडंही नोंदणी हवी. इंजिनिअरिंगला सीईटीचे निम्मे आणि पीयूसीचे निम्मे गुण धरतात, म्हणून पीयूसीचा अभ्यास मागं टाकू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही भराच. ती कॉम्प्युटरवर होते, इथली ओएमआर शीटवर, म्हणून सराव दोन्हींचा करून घ्या. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी केलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी तिकडच्या प्रवेशात वेगळी पात्रता आहे. त्यासाठी मातृभाषेचा दाखला शाळा-कॉलेजातून ठरलेल्या नमुन्यातच घ्यावा लागतो. साध्या लेटरहेडवर लिहून आणू नका. बारावीची परीक्षा संपली की कॉलेजात सही करायला माणूस भेटत नाही, म्हणून आम्ही धाकट्याचा दाखला डिसेंबरातच घेऊन फाईलला लावला होता.