जुन्या नेत्याची हकालपट्टी झाली की लोकांची प्रतिक्रिया कशी घ्यावी

पुढाऱ्याला पक्षातून काढल्याची बातमी सकाळी आली की दुपारपर्यंत कणकवलीच्या पटवर्धन चौकात पोरं माइक घेऊन उभी राहतात. समोर येईल त्याला एकच प्रश्न: "काय वाटतं तुम्हाला?" समोरचा इकडेतिकडे बघतो, कोण ऐकतंय ते हेरतो आणि म्हणतो, "काय वाटणार, राजकारण आहे." मग संध्याकाळी पोर्टलवर 'जनतेत संमिश्र प्रतिक्रिया' येते. अशी बातमी मुंबईत बसूनही लिहिता येते, त्यासाठी कणकवलीला कशाला हवं?

सिंधुदुर्गात तालुका वार्ताहर म्हणून मी बरीच वर्षं काढली. बंड, हकालपट्टी, घरवापसी हे सगळं इथे पावसासारखंच नेमाने येतं. नव्या पोरांना माझ्या परीने जे सांगतो ते इथे लिहितोय.

आधी पक्षाचं पत्र मिळवा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा अर्धा फोटो नको, पूर्ण पत्र हवं. सही कोणाची आहे, तारीख काय आहे आणि नेमकं केलंय काय, ते बघा. पदावरून दूर करणं, निलंबन आणि हकालपट्टी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावातला माणूस प्रत्येकीला वेगळा वागतो. २१ जून २०२२ ला शिवसेनेने एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून, म्हणजे विधानसभेतल्या आमदारांच्या नेतेपदावरून, काढलं होतं, पक्षातून काढलं नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये विलासराव देशमुख गेले, अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि नारायण राणे यांनी काँग्रेसश्रेष्ठींवर तोफ डागली. तेव्हा काँग्रेसने त्यांना निलंबित केलं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये निलंबन मागेही घेतलं. मधल्या काळात ज्यांनी माइकसमोर तावातावाने तोंड उघडलं ते अडकले, जे गप्प बसले ते सुटले. इथला कार्यकर्ता हे विसरलेला नाही. निलंबन असेल तर तो तुमच्याशी बोलणार नाही, आणि त्याच्या गप्प बसण्यावरून मोठे निष्कर्ष काढू नका.

कधीकधी राजीनामा आणि हकालपट्टी एकाच दिवशी येतात. १८ जुलै २०२२ ला शिवसेनेचे रामदास कदम, म्हणजे खेडचे 'भाई', यांच्या बाबतीत तसंच झालं. अशा वेळी खेडच्या बाजारात एक जण म्हणेल "भाईंनी सोडला पक्ष", दुसरा म्हणेल "हाकलला". कोण कोणाच्या बाजूचा ते तिथेच कळतं, पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

लोक तुम्हालाच उलट विचारतील, "मग आमदारकी गेली काय?" उत्तर तयार ठेवा. पक्षाने काढलं म्हणून आमदारकी जात नाही. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५ ची. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगून ठेवलंय की काढलेला आमदारही कायद्याच्या नजरेत निवडून आला त्या पक्षाचाच राहतो; तो दुसऱ्या पक्षात गेला तर मात्र अपात्र ठरतो. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या सदस्यांना १९८६ चा असाच कायदा लागू आहे आणि तिथे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातं. म्हणून चिन्हावर निवडून आलेला झेडपी सदस्य फोन उचलत नसेल तर 'अमुक सदस्य निष्ठावंत राहिले' असं लिहून मोकळे होऊ नका. तो वकिलाकडे बसलेला असतो. सरपंचाचं तसं नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवत नाहीत, त्यामुळे त्याला हा धाक नाही. पहिल्या दिवशी बोलायला सरपंच गाठा, सदस्याला चार दिवस द्या.

आता मुख्य गोष्ट. चौकात जायच्या आधी बॅनर छापणाऱ्याकडे जा.

आमच्याकडे फ्लेक्सचं दुकान म्हणजे राजकारणाची नाडी. हकालपट्टीच्या संध्याकाळी तिथे बाकावर नुसतं बसून राहा, कॅमेरा पिशवीत ठेवा. संगणकावर आधीच्या वाढदिवसाच्या बॅनरची फाइल उघडलेली असते. वर पक्षप्रमुख, त्याखाली मोठ्या आकारात आपले साहेब, मग तालुकाप्रमुख, विभागप्रमुख, आणि तळाला टपाल तिकिटाएवढ्या फोटोंची रांग, गावातल्या 'शुभेच्छुकांची'. मग एकेकाचा फोन येऊ लागतो. एक जण म्हणतो, "माझो फोटो काढ त्येच्यातसून." दुसरा म्हणतो, "साहेबांचो फोटो र्‍हवांदे, मागचो झेंडो तेवढो काढ. रंग साधो कर." तिसऱ्याने सकाळी पन्नास फुटांच्या निषेधाच्या बॅनरची ऑर्डर दिलेली असते, तो संध्याकाळी म्हणतो, "छापलंस काय? नाय ना? मग र्‍हवांदे, फाल्या (उद्या) सांगतंय." दुकानदार काही बोलत नाही, माउस सरकवतो आणि फाइल नव्या नावाने सेव्ह करतो. जुनी फाइल तो पुसत नाही, कारण ती पुन्हा लागणार हे त्याला ठाऊक असतं.

हा जो दुसरा आहे ना, फोटो ठेवा आणि झेंडा काढा म्हणणारा, तो तुमचा खरा माणूस. तो कुठे जाणार ते अजून त्यालाही माहीत नाही, पण माणूस सोडायचा नाही एवढं त्याचं ठरलंय. असे किती निघतात त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. निषेधाचे मोर्चे, पुतळे जाळणं, राजीनाम्यांचे गठ्ठे यांचे फोटो जरूर काढा, पण ते करणारे कोण आहेत ते बघा. तीस जणांत पंचवीस पदाधिकारी आणि उरलेल्यांत ठेकेदार असतील तर बातमीत तसंच लिहा. त्याला 'जनता रस्त्यावर' म्हणायचं नाही.

ठेकेदाराची प्रतिक्रिया वाईट असते असं नाही, ती प्रामाणिकच असते. त्याचं बिल अडकलेलं असतं. फक्त ती ठेकेदाराची म्हणून छापा.

साध्या माणसाला मात्र "काय वाटतं" विचारूच नका. तळकोकणातला माणूस भावनेचं उत्तर परक्याला देत नाही. हातात माइक असेल तर आपल्यालाही देत नाही. त्याला कामाचं विचारा. वाडीतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, झाला काय? पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, कुठवर आली? नळपाणी योजनेचं पत्र कोणी दिलं होतं? मग बघा कसा बोलतो. मागे एका म्हाताऱ्याला मी विचारलं, साहेबांना काढलं, आता पुढे काय? तो म्हणाला, "काढूक तां काढले. आमचो साकव कोण घालतलो, तां इचारलंस काय त्यांका?" मग पुढे अर्धा तास, कुठल्या पुढाऱ्याने कधी येऊन नारळ फोडला, कोणी चिरे आणून टाकले, ते चिरे कोणाच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाला, गेले, हे सगळं नावानिशी. शेवटी म्हणाला, "तरी तेनीच एकदा आमच्या चेडवाक (मुलीला) मुंबैक हॉस्पिटलात खाट मिळवून दिल्यानी." यात टीका, हिशोब आणि उपकार तिन्ही आले. 'संमिश्र' म्हणजे हेच, पण ते असं लिहायला हवं.

बायकांना विचारायचं असेल तर सकाळी बाजारात, मासळीवाल्यांची घाई उतरल्यावर किंवा बचत गटाच्या बैठकीत. पुरुष बाजूला उभा असेल तर ती "ह्येंका इचारा" म्हणेल आणि संपलं.

मुंबईला फोन करायला विसरू नका. इथल्या प्रत्येक वाडीचं एक मुंबई मंडळ असतं, परळ-लालबागपासून भांडुप, नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेलं. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे तिकडून येतात आणि मतदानाला माणसंही तिकडून येतात. गावातला माणूस "बघूया" म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ 'मुंबैसून काय सांगतत ते बघूया' असा असतो. चाकरमानी शाखेत वाढलेला, त्याचा जीव चिन्हात; गावातला भाऊ पुढाऱ्याच्या दारात जाऊन आलेला, त्याचा जीव माणसात. एकाच घरात दोन प्रतिक्रिया असतात आणि गणपतीत आरती झाल्यावर ओटीवर त्या एकमेकींना भिडतात. शक्य असेल तर हकालपट्टीच्या परिणामाचा अंदाज गणपती होऊन गेल्यावरच पक्का करा.

हे माणूस आणि चिन्ह वेगळं मोजण्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचे अंदाज चुकतात. ३ जुलै २००५ ला शिवसेनेने नारायण राणे यांना काढलं. माजी मुख्यमंत्री, तेव्हाचे विरोधी पक्षनेते, १९९० पासून मालवणचे आमदार. दिवस लावणीचे. माणसं गुडघाभर चिखलात तरवा लावत होती, चौकात प्रतिक्रिया द्यायला होतं कोण? त्याच महिन्यात २६ जुलैचा पाऊस आला, रायगडात महाडकडे दरडी कोसळल्या, आणि काही दिवस राजकारण कोणाच्या तोंडी राहिलं नाही. पण आतल्या आत शाखाच्या शाखा हलत होत्या. राणे काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला, नोव्हेंबरात मालवणला पोटनिवडणूक झाली. बंदोबस्त एवढा की गावात पाहुणा आला तरी लोक दोनदा बघत. निकाल लागला तेव्हा राणे प्रचंड मतांनी निवडून आले आणि शिवसेनेच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. म्हणजे वैध मतांच्या एक षष्ठांश मतंही पडली नाहीत, ज्या मतदारसंघात तो पक्ष वर्षानुवर्षं जिंकत आला होता तिथे.

एवढं बघून कोणी लिहिलं असतं की कोकणात पक्ष नाही, माणूस चालतो, तर २०१४ ला तो तोंडघशी पडला असता. त्याच राणेंना कुडाळमध्ये शिवसेनेच्या वैभव नाईक यांनी दहा हजारांहून जास्त मतांनी पाडलं. मग २०२२ चं बंड. दीपक केसरकर, उदय सामंत, योगेश कदम शिंद्यांबरोबर गेले; वैभव नाईक, राजन साळवी, भास्कर जाधव ठाकऱ्यांकडे राहिले. त्या पावसाळ्यात कुठल्याही नाक्यावर विचारलं असतं तर 'गद्दार' आणि 'खोके' याशिवाय काही ऐकू आलं नसतं. २०२४ च्या विधानसभेत केसरकर, सामंत, कदम तिघेही निवडून आले. नाईक आणि साळवी पडले, गुहागरला जाधव राहिले. घोषणा ऐकून कोणी पैज लावली असती तर हरला असता, आणि घोषणा खोट्या होत्या असंही नाही. राग खराच होता. राग आणि मत यांच्या मध्ये दोन वर्षं, एक सरकार आणि बरेच साकव होते.

म्हणून वहीत दोन रकाने पाडा. एकात माणसाविषयी काय बोलला, दुसऱ्यात चिन्हाविषयी काय बोलला. "साहेबांवर अन्याय झालो" हे पहिल्या रकान्यात. "पण बाळासाहेबांचो झेंडो सोडूचो नाय" हे दुसऱ्यात. एकच माणूस दोन्ही म्हणतो, त्याला खोटारडा समजू नका.

कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघायला जा. संवाद तिथे लिहिलेले नसतात, नट जागेवर रचतो. राक्षस राजाकडे येतो, राजा विचारतो कोण तू, आणि मधेच कोणीतरी हल्लीच्या राजकारणाची टोपी उडवतो. तेव्हा रंगमंचाकडे बघू नका, प्रेक्षकांकडे बघा. हसू कुठून उठतं, कुठली बाजू गप्प बसते, पुढच्या रांगेतले मानकरी एकमेकांकडे बघतात काय. पहाटे अडीच वाजता, खाजं खात, कांबळं पांघरून बसलेला माणूस जो हसतो ते हसू कुठल्याच माइकला मिळत नाही. हे बातमीत थेट छापता येत नाही, पण छापायचं काय ते त्यावरून कळतं.

लिहिताना थोडं पथ्य पाळा. ज्याचं पोट पुढाऱ्यावर आहे, रास्त भाव दुकानवाला, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, त्याचं नाव आणि तोंड दाखवू नका, तो हो म्हणाला तरी. कॅमेरा गेल्यावर गावात त्यालाच राहायचं असतं. वाडीचं नावही गाळा, कारण दहा घरांच्या वाडीत 'एक ज्येष्ठ ग्रामस्थ' म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं. टक्केवारी तर अजिबात नको. वीस माणसांशी बोललात तर 'वीस माणसांशी बोललो' म्हणा आणि कुठे, कधी ते सांगा.

ज्यांच्याशी बोललात त्यांच्याकडे दिवाळीनंतर परत जा, आणि पुन्हा निवडणुकीचे अर्ज भरायच्या आठवड्यात जा. प्रश्न तोच विचारा, साकवापासून सुरू करा. जुनं पान उघडं ठेवा, पण त्यांना दाखवू नका. दाखवलंत की माणूस आधी बोललेल्याशी इमान राखायला बघतो आणि मनातलं तसंच राहतं.