जुन्या गाडीतून ड्रॅग रेसची गाडी : बेळगाव भागातल्या हौशी मंडळींसाठी

ड्रॅग रेसमध्ये गाडीला वळायचे नसते. उभ्या जागेवरून सुटून सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, कमीत कमी वेळात कापायचे असतात. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शर्यत म्हटली की अजूनही आधी बैलजोडी आठवते आणि ती आठवण येथे उपयोगी आहे, कारण जोडी कितीही ताकदीची असली तरी सुटताना खूर घसरले की पुढचे सगळे अवघड होऊन बसते. गाडीचेही तसेच आहे. म्हणून या लेखात खर्चाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा लावला आहे: आधी पत्रा, मग सुटणे आणि सर्वांत शेवटी इंजिन.

गाडी निवडताना नुसती हॉर्सपॉवर पाहू नये, वजनाशी तिचे प्रमाण पाहावे. पाव मैलाचा वेळ ढोबळमानाने वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे चालकासह वजन १० टक्क्यांनी उतरले तर वेळ साधारण साडेतीन टक्क्यांनी घटतो. १८ सेकंद घेणारी गाडी सुमारे ०.६ सेकंद आधी पोहोचते. या हिशेबात १९९४ मध्ये आलेली मारुती एस्टीम आजही स्वस्तात मस्त ठरते. तिचे १२९८ सीसीचे इंजिन नंतर सोळा व्हॉल्व्हचे आणि ८५ हॉर्सपॉवरचे झाले, वजन नऊशे किलोच्या आतबाहेर आहे आणि सुटे भाग भंगारातही सापडतात. १९९८ च्या पिढीतील होंडा सिटी १.५ अधिक ताकदीची आहे, पण चांगल्या स्थितीतली गाडी जपणारे मालक किंमतही तशीच सांगतात. फोर्ड आयकॉन १.६ सुद्धा वाईट नाही. डिझेल गाडीच्या वाटेला मात्र पहिल्या खेपेस जाऊ नये. इंजिनाचे वजनच अंगावर येते.

आपल्या भागात गाड्या तीन दिशांनी येतात: इथल्याच केए-२२ आणि केए-२३ च्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या एमएच-०९ आणि एमएच-१० च्या, आणि चोर्ला घाट चढून आलेल्या गोव्याच्या. गोव्याची गाडी दिसायला तुकतुकीत आणि भावाला नरम असते, कारण खारी हवा पत्रा आतून खाते. माझी पहिली एस्टीम अशीच आली. विकणाऱ्याने मॅट नवी टाकली होती आणि मी ती उचलून पाहिली नाही. पुढे रोलकेज, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, बसवायला घेतला तेव्हा वेल्डरने चालकाच्या आसनामागे जमिनीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, जरासा दाबला आणि तो मुठीपर्यंत खाली गेला. काढला तर टोकाला गंज, डांबर आणि पुट्टी यांचा चिखल लागलेला. केजचा पाय ज्यावर उभा राहायचा तो पत्राच उरला नव्हता. खानापूर-जांबोटीकडच्या गाड्यांत हाच रोग मडगार्डच्या आत साचलेल्या ओल्या तांबड्या मातीने होतो. म्हणून मॅट उचलावी, जॅक लावण्याच्या जागा ठोकून पाहाव्यात आणि फडक्यात गुंडाळलेले चुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे असे समजावे.

इंजिनासाठी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजणारे यंत्र, लावल्याशिवाय सौदा करू नये. निरोगी पेट्रोल इंजिनात चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या आसपास दाब मिळतो. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांतील फरक महत्त्वाचा, आणि तो एक किलोहून अधिक नसावा. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या आहेत, न वाढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा आहे.

कागदांकडे सीमाभागात जरा जास्तच लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्रातली किंवा गोव्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ कर्नाटकात ठेवली तर येथे नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र व येथला कर या दोन्ही गोष्टी आल्या. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचे आरसी नूतनीकरण झाले आहे का, हेही पाहावे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला बाधा येईल असे बदल रस्त्यावरच्या गाडीत परस्पर करता येत नाहीत. गाडी फक्त शर्यतीची ठेवायची की रोज वापरायचीही, हे म्हणूनच पहिला पाना लावण्याआधी ठरवावे.

बांधणीची सुरुवात काढण्यापासून करावी. मागचे आसन, स्टेपनी, जॅक, कार्पेट आणि आवाज अडवणाऱ्या डांबराच्या पट्ट्या निघाल्या की वजन उतरते आणि खर्च फक्त घामाचा होतो. या गाड्यांची पुढची चाके ओढतात, आणि सुटताना भार मागे सरकतो, म्हणजे पकड हवी तेव्हाच ती कमी होते. त्यामुळे वजन मागूनच काढावे, मागचे स्प्रिंग कडक ठेवावेत आणि पुढे मऊ रबराचे चांगले टायर घालावेत. पुढच्या टायरची हवा एका वेळी दोन पीएसआयने उतरवत पाहावे, मागची थोडी चढी ठेवावी. टायरनंतर क्लच. क्लच दाबून धरणाऱ्या जुन्या प्रेशर प्लेटवर जोरात सुटल्यास शंभर मीटरच्या आत जळका वास येतो आणि इंजिनावर केलेला सगळा खर्च त्या वासात जातो.

इंजिनकामासाठी बेळगावकरांना लांब जावे लागत नाही. ओतकाम आणि लेथ यांवर वाढलेल्या उद्यमबागेत बोअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग ही कामे नेहमीचीच आहेत. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारे जड चाक, हलके करून देणारेही भेटतील, पण ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील वाटेल तेवढे खरडू नये, कारण जास्त आरपीएमवर ते फुटले तर तुकडे थेट चालकाच्या पायांकडे येतात. दुसरी गोष्ट हवेची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने येथली हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ आहे. येथे काटेकोर जेटिंग केलेली, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे छिद्र इथल्या हवेनुसार बेताचे ठेवलेली, कार्बोरेटरची गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली की दाट हवेत तिला पेट्रोल कमी पडते, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरात मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणे, सुरू होते आणि पिस्टनचा माथा वितळू शकतो. म्हणून मोठे जेट सोबत न्यावेत आणि तिथे पहिली धाव अर्ध्या जोरावर घ्यावी.

केज वेल्ड करण्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमावली वाचावी, कारण नळीचा व्यास आणि जाडी चुकली तर तांत्रिक तपासणीत गाडी बाजूला काढतात. हेल्मेट, शर्यतीचा बेल्ट, अग्निशामक आणि बाहेरून चालणारा बॅटरी कटऑफ यांत काटकसर करू नये. एफएमएससीआय या देशातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेसाठी परवानाही लागतो. रात्री मोकळ्या हायवेवर चाचणी घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि समोरून दिवे न लावता येणारा उसाचा ट्रॅक्टर कोणत्याही कलमात बसत नाही.

ट्रॅकवर पोहोचल्यावर एका धावेआड एकच गोष्ट बदलावी आणि पहिल्या ६० फुटांचा वेळ वेगळा टिपावा. तो सुधारत नसेल तर इंजिनाला हात लावण्यात अर्थ नाही. पुन्हा टायर आणि क्लचकडेच यावे, आणि प्रत्येक धावेनंतर टायर गार होण्याआधी हवा मोजून वहीत लिहावी.