बॅटरीवरची व्हीलचेअर: बाहेर पडण्याआधी खटका बघा

बॅटरीवरची व्हीलचेअर घरात आली की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकट्याने बाहेर जायचं नाही हं." मग ती घेतली कशाला? त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचा एक रस्ता ठरवा. वेग सगळ्यात कमी ठेवून चार दिवस नुसते सोबत चाला, खुर्चीला हात लावू नका.

नाशिकमध्ये खरी काळजी उताराची. रामकुंडाकडे जाताना उतार, पुढे घाटाच्या पायऱ्या आणि ओली फरशी. जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची दांडी, सोडली की ब्रेक आपोआप लागतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटरजवळ एक खटका असतो. तो फिरवला की मोटर चाकांपासून सुटते आणि हा ब्रेकही जातो! आमच्या बाबांची खुर्ची सोसायटीच्या रॅम्पवर अशीच मागे सरकली. वॉचमनने धरली म्हणून निभावलं. खटका सपाट जागीच फिरवायचा, तोही कुणीतरी खुर्ची धरलेली असताना. निघण्यापूर्वी तो परत जागेवर आहे ना, याची आता बाबा स्वतः विचारून खात्री करतात, आम्ही फक्त वाकून बघतो.

खुर्चीवरून पलंगावर सरकताना आधी खुर्चीचा स्विच बंद करा. बाही अडकली तरी जॉयस्टिक हलते.