क्लच वायर तुटली तेव्हा

ऑक्टोबरात अणुस्कुरा घाटाखालच्या रानवाटांवर डर्ट बाइक घेऊन एकट्याने फिरायला मला फार आवडतं. पाऊस उलगडलेला, भातं कापणीला आलेली, आणि पऱ्ह्यांना अजून पाणी. फक्त मोबाइलला रेंज नसते. अशाच एका चढावर क्लचचा लिव्हर एकदम सैल पडला.

वायर बहुतेक वेळा लिव्हरपाशी, निपलच्या (वायरीच्या टोकाला लिव्हरमध्ये अडकणारी धातूची छोटी गुंडी) तोंडालाच तुटते, कारण तिथेच ती सतत दुमडते. माझीही तिथेच तुटली होती. लिव्हर आणि इंजिन, दोन्हीकडचे ॲडजस्टर, म्हणजे वायरीचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू, पूर्ण आत फिरवले. त्याने वायरीला बोटाच्या पेराएवढी ढील मिळाली. पिंजलेलं टोक पकडीने कापलं, स्क्रूने आवळायची पितळी निपल चढवली, स्क्रू घट्ट केला आणि ॲडजस्टरने ताण परत घेतला. ही निपल टूलकिटमध्ये हवीच. किंमत किरकोळ, पण रानात तिच्यासारखा आधार नाही.

निपल नसेल तर? मग क्लचशिवायच गाडी चालवायची. गाडी उताराकडे वळवा, न्यूट्रलमध्ये चालू करा, चालण्याइतका वेग आला की पायाने ठामपणे पहिला गिअर टाका. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा. थांबण्याआधी न्यूट्रल. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर मात्र हे करू नका, मागचं चाक सटकतं.

घाटाखालच्या पाचल गावात पोचल्यावर नवी वायर टाकली. आता जुन्या वायरीलगत दुसरी वायर आधीच ओवून, दोन्ही टोकं तेलकट फडक्यात गुंडाळून बांधलेली असते.