ॲरोहेड १३५ करायचीय? या चुका टाळा

मिनेसोटात कॅनडाच्या बॉर्डरला चिकटून इंटरनॅशनल फॉल्स नावाचं गाव आहे, तिथून जानेवारीच्या शेवटाला ही रेस सुटते. १३५ मैल, म्हणजे जवळपास २१७ किलोमीटर, स्नोमोबाइलच्या ट्रेलवरून, सायकल, स्की नाहीतर पायी, आणि टाइम ६० तास. पायी जाणारे सामान पल्कमध्ये, म्हणजे कमरेला बांधलेल्या घसरगाडीत टाकून ओढत नेतात.

सगळ्यात मोठी चूक स्टार्टलाच होते, छान उबदार वाटेल एवढे कपडे चढवायचे. अहो, पहिली दहा मिनिटं कुडकुडायला झालंच पाहिजे! सह्याद्रीत टीशर्ट भिजला तर भिजला, खिंडीतल्या वाऱ्याला सुकतो, पण इथे उणे ३० मध्ये भिजलेला थर तुम्ही थांबलात की अंगातली सगळी ऊब ओढून घेतो. म्हणून चढ दिसला की आधीच चेन उघडा, टोपी काढा, घाम फुटल्यावर काढून काही उपयोग नाही. जाड डाउन जॅकेट फक्त थांबल्यावर घालायचं आणि पल्कमध्ये सगळ्यात वर ठेवायचं, तळाशी ठेवलंत तर ते सापडेपर्यंत बोटं बधिर.

पाण्याची नळी गोठते, त्यामुळे प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला आणि पिशवी जॅकेटच्या आत ठेवा. बाटली असेल तर उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं.

स्टोव्हचं म्हणाल तर गॅसचा डबा नको. आयसोब्युटेनसुद्धा उणे १२ च्या खाली वायू व्हायचं बंद होतं, मग बसा लायटर खटखटवत. व्हाइट गॅसचा (नाव गॅस, पण असतं पेट्रोलसारखं पातळ इंधन) स्टोव्ह घ्या आणि ग्लोव्ह्ज घालून पेटवायची घरीच प्रॅक्टिस करा. फक्त ते इंधन उघड्या हातावर सांडू देऊ नका, ते उणे ३० मध्येही पातळच असतं आणि उडून जाताना कातडी गोठवतं.

त्याच बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबू नका, रक्तच फिरत नाही, एक साइज मोठे बूट घ्या. बोटं बधिर झाली तर बर्फाने चोळायचं नाही (हा सल्ला कुठून आला देव जाणे).

एनर्जी बार दगड होतात, आधीच तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. शेंगदाणे बरे, त्यात पाणीच कमी.

अर्ध्या वाटेवर मेलजॉर्जेसचा चेकपॉइंट आहे, गरम केबिन, सगळं सुकवून घ्या. पण तिथून निघताना बाहेरचा गारठा एकदम झोंबतो, माणूस परत सगळे कपडे चढवतो आणि अर्ध्या मैलात घामाघूम.