ग्लोव्हजच्या आधी काय? लहान फौंड्री व मशीन शॉपसाठी सुरक्षेची आखणी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या एखाद्या कारखान्यात कामगाराला इजा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ग्लोव्हज घातले होते का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा, परंतु तो सर्वांत शेवटी. हेल्मेट, चष्मा, मास्क, बूट ही साधने धोका तसूभरही कमी करत नाहीत. ती फक्त धोका आणि माणसाचे शरीर यांच्यामध्ये उभी राहतात, आणि ती फाटली, सैल झाली किंवा क्षणभर काढून ठेवली तर त्यांच्या मागे दुसरा आधार नसतो. म्हणून धोका मुळातूनच काढता येतो का, नाही तर त्याऐवजी कमी घातक वस्तू वापरता येते का, नाही तर यंत्रातच बंदोबस्त करता येतो का, नाही तर कामाची पद्धत बदलता येते का, या क्रमाने विचार करून जे उरेल त्यासाठी अंगावरची साधने निवडावीत. १९४८ च्या कारखाना अधिनियमाची (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) रचनाही पाहण्यासारखी होती: कलम १४ धूळ जिथे निर्माण होते तिथेच ओढून घेण्याविषयी बोलत होते, कलम २१ यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगत होते, आणि डोळ्यांच्या संरक्षणाचे कलम ३५ त्यानंतर येत होते.

आखणीची सुरुवात वही घेऊन मारलेल्या फेरीने करावी. एका वेळी एकच काम घ्यावे, ते करणाऱ्या कामगारालाच शेजारी उभे करावे आणि ‘इथे आजवर कुणाला काय झाले, काय होता होता राहिले?’ एवढेच विचारावे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे अधिक मोलाची असतात. अशाच एका फेरीत ऐकलेला आणि नंतर दुसऱ्या एका युनिटमध्ये प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. एक कामगार सँड मिक्सरच्या आत उतरून चिकटलेली माती खरवडत होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट, हातात ग्लोव्हज, पायात सेफ्टी शूज, सगळे काही होते. पलीकडून आलेल्या मदतनिसाला तो दिसला नाही आणि त्याचा हात स्टार्टरच्या बटणाकडे गेला. कुणीतरी ओरडले म्हणून तो थांबला. मिक्सर फिरला असता तर त्या तिन्ही साधनांचा काडीचाही उपयोग झाला नसता. उपयोग झाला असता तो एका साध्या कुलपाचा: मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. दोघे उतरणार असतील तर दोन कुलपे लावावीत. झाकण उघडताच मोटर बंद करणारा लिमिट स्विचही बसवावा, परंतु तो कुलपाच्या जोडीला, कुलपाऐवजी नव्हे.

ओतकाम आणि पाऊस

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ भट्टीसाठी विशेष काळजीचा आहे. भंगार उघड्यावर पडलेले असते, त्यात पाणी साचते, आणि तेच इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, टाकले जाते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १६०० ते १७०० पटींनी वाढते. सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेल्या लोखंडाच्या पोटात हे घडले तर रस भट्टीबाहेर उसळतो, आणि तेवढ्या माऱ्यापुढे फेसशील्ड व ॲप्रन अपुरे पडतात. यावर पहिला उपाय म्हणजे भंगारावर पत्र्याचे छप्पर आणि खाली उंच, निचरा होणारी फरशी. बंद तोंडाचे पाइप, शॉक ॲब्सॉर्बर, तेलाचे डबे वेचून बाजूला काढावेत, कारण त्यांच्यात अडकलेले पाणी किंवा तेल बाहेरून दिसत नाही. लेडलचे, म्हणजे रस वाहून नेण्याच्या भांड्याचे, अस्तर पूर्ण वाळवून तापवावे, रसावरची मळी काढायची सळीसुद्धा आधी गरम करावी, आणि ओतण्याच्या वाटेवर पाणी सांडू देऊ नये.

एवढे केल्यावरही ठिणग्या उडणारच; त्यांच्यासाठी अंगावरची साधने आहेत. कपडे सुती असावेत, कारण टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. पँट बुटाच्या आत खोचू नये, बाहेर सोडावी. बूट बिनलेसचे, झटकन पायातून निघणारे असावेत. लेसच्या फटीतून आत गेलेला रसाचा थेंब बाहेर काढायला वेळ मिळत नाही.

न दिसणारी धूळ

नॉकआउट (साचा फोडून ओतीव वस्तू बाहेर काढणे) आणि फेटलिंग (ती घासून साफ करणे) यांच्या जागी तोंडाला टॉवेल बांधून काम करणारी माणसे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्या टॉवेलने समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे वाळूचे कण साधारण ४ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि कापडाच्या विणीतून सहज आत जातात. त्यांच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग बरा होत नाही, म्हणून या विषयात मला कोणतीही सवलत मान्य नाही. संध्याकाळी शेडमधले दिवे मालवून ग्राइंडरच्या मागून टॉर्चचा झोत टाकावा आणि समोरून, टॉर्चकडे तोंड करून, झोताच्या थोडे बाजूला उभे राहून पाहावे. दिवसा स्वच्छ वाटणारी हवा कशाने भरलेली आहे ते तिथल्या तिथे समजते.

ओतीव वस्तू साफ करायला वाळूचा मारा (ब्लास्टिंग) होत असेल तर ते बंद करून स्टीलच्या छऱ्यांचे बंदिस्त शॉट ब्लास्टिंग मशीन घ्यावे. धूळ ओढणाऱ्या एक्झॉस्टचे तोंड कामाच्या अगदी जवळ आणावे, कारण पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढ्या अंतरावर गेले की हवेचा ओढा जेमतेम दहा टक्के उरतो. उभा पंखा लावणे हा उपाय नाही. तो एकाची धूळ दुसऱ्याच्या नाकात घालतो. झाडू किंवा हवेच्या नळीने सफाई करू नये, ओले करून किंवा व्हॅक्युमने करावी. त्यानंतर आयएस (भारतीय मानक) ९४७३ प्रमाणित एफएफपी-२ दर्जाचा किंवा त्यावरचा मास्क द्यावा, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसतो का हे पाहावे. दाढी असेल तर तो बसत नाही. हे आदराने, एकांतात सांगावे.

साधन निवडताना

एकच साधन सगळीकडे चालत नाही. ड्रिल मशीन आणि लेथवर ग्लोव्हज घालूच नयेत: फिरता ड्रिल ग्लोव्हज पकडतो आणि हात आत ओढतो. पेडेस्टल ग्राइंडरवर चष्मा लागतोच, पण त्याआधी वर्क रेस्ट (वस्तू टेकवायची पट्टी) आणि चाक यांतील फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही हे तपासावे, आणि नवे चाक सुरू करताना मिनिटभर बाजूला उभे राहावे. हेल्मेटवर आयएस २९२५, सेफ्टी शूजवर आयएस १५२९८ आणि उंचावरच्या कामाच्या हार्नेसवर आयएस ३५२१ ही मानके पाहूनच खरेदी करावी.

वडगाव, खासबागच्या पॉवरलूम शेडमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. आवाज कानाला घातक आहे हे ओळखायला तेवढी खूण पुरेशी आहे. सैल बोल्ट आणि झिजलेले पिकर (धोट्याला धक्का देणारे भाग) वेळेवर बदलले तर मागाचा आवाज कमी होतो. इअरप्लगच्या बाबतीत एक हिशेब कामगारांना जरूर सांगावा: ३० डेसिबल अडवणारे प्लग आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवले, तर दिवसाचे सरासरी संरक्षण १२ डेसिबलच्या आसपास येते.

सूचना कळल्याच नाहीत तर पाळल्या कशा जाणार? आपल्या शेडमध्ये खानापूर, चंदगडकडचा मराठी कामगार, बैलहोंगलकडचा कन्नड कामगार आणि उत्तरेकडून आलेला हिंदी कामगार एकाच मशीनवर पाळ्या करतात. तेव्हा फलक तिन्ही भाषांत आणि चित्रांसह लावावेत. भाताच्या सुगीत निम्मे लोक गावी जातात आणि त्यांच्या जागी बदली माणसे येतात. त्या दिवसांत नव्या माणसाला भट्टी किंवा प्रेसवर एकटे सोडू नये.

खंडेनवमीला सगळी यंत्रे थांबतात, धुतली-पुसली जातात, आणि त्यासाठी गार्ड काढले जातात. पूजेपूर्वी प्रत्येक गार्ड परत बसला का, त्याचे बोल्ट पुरे आहेत का, मेन स्विचची कुलपे जागेवर आहेत का, हे त्याच दिवशी वहीत टिपावे. साधनांचे रजिस्टरही तेव्हाच तपासावे: कुणाला काय, कोणत्या मापाचे, केव्हा दिले आणि केव्हा बदलायचे. ही साधने मोफत द्यायची असतात. फाटलेले ग्लोव्हज दाखवणाऱ्याला नवे देताना पगारातून पैसे कापले, तर पुढच्या वेळी तो ते दाखवणारच नाही.